नट एकच, माणसे अनेक : निळू फुले यांच्या अभिनयाचा अभ्यास



आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी एक नक्कल हमखास असते. एखादा मुलगा मंचावर येतो, मान किंचित तिरकी करतो, डोळे बारीक करतो आणि घोगऱ्या, रेंगाळत्या आवाजात कुणाला तरी वाड्यावर बोलावतो. पुढचे शब्द ऐकू येण्याआधीच सभागृहात शिट्ट्या सुरू होतात. मागे एकदा कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलाला विचारले, "हे कोणत्या चित्रपटातले आहे रे?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "चित्रपट नाही माहीत, मॅडम. दादा करायचा, त्याचं बघून शिकलो."

म्हणजे ती नकलेची नक्कल होती. मूळ नट त्याने पाहिलेलाच नव्हता. तुमच्यापैकी अनेकांचीही स्थिती अशीच असेल. निळू फुले हे नाव कानावरून गेलेले असते, आवाज ओळखीचा असतो, काम मात्र पाहिलेले नसते. आपण ते काम पाहायला शिकावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे. अभिनेत्याचा अष्टपैलूपणा नेमका कशात असतो, हा प्रश्न आपण त्या निमित्ताने सोडवणार आहोत.

१. चरित्र अभिनेता म्हणजे कोण?

चित्रपटात नायक आणि नायिका यांच्याभोवती कथा फिरते. पण त्यांना अडवणारा, आधार देणारा, फसवणारा किंवा नुसताच पाहत राहणारा कुणीतरी लागतो. वडील, मामा, सरपंच, वकील, हवालदार, पुढारी अशी ही माणसे असतात. त्यांच्या भूमिका वारंवार आणि ताकदीने करणाऱ्याला आपण चरित्र अभिनेता म्हणतो. नायकाच्या भूमिकेत नटाचे रूप आणि त्याची लोकप्रियता यांचा आधार असतो. चरित्र अभिनेत्याला तो आधार कमी मिळतो. पाच-दहा प्रसंगांतच त्याला एक पूर्ण माणूस उभा करावा लागतो. त्या माणसाचे गाव, जात, पैसा, शिक्षण, सवयी हे सारे चालण्याबोलण्यातून दिसावे लागते, कारण ते सांगायला पटकथेत वेळ नसतो.

अशा नटाला आपण 'अष्टपैलू' म्हणतो, तेव्हा बहुधा आपल्या डोळ्यांपुढे वेशांतर असते. एकदा दाढी, एकदा टक्कल, एकदा कुबड, एकदा बदललेला आवाज. हा अष्टपैलूपणाचा एक प्रकार झाला. निळू फुले यांचा प्रकार वेगळा होता. त्यांचा चेहरा फारसा बदलत नसे आणि आवाज तर लपवता येण्याजोगा नव्हताच. तरीही त्यांनी उभी केलेली माणसे एकमेकांपासून फार दूरची होती. हे कसे घडले, ते आता क्रमाने पाहू.

२. माळीकाम आणि कलापथक

निळू फुले यांची जडणघडण पुण्यातली. घरची परिस्थिती बेताची होती. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरी केली. त्याच काळात ते राष्ट्र सेवा दलाशी जोडले गेले. समाजवादी विचारांच्या या युवक संघटनेचे एक महत्त्वाचे अंग म्हणजे तिचे कलापथक. गावोगाव जाऊन गाणी, पोवाडे, छोटी नाटके आणि लोकनाट्ये सादर करायची आणि त्यांतून समता, लोकशाही, जातिनिर्मूलन हे विषय लोकांपर्यंत न्यायचे, असे त्याचे काम होते. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य सेवा दलाच्या कलापथकासाठीच लिहिलेले आहे.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी लोकनाट्याची थोडी ओळख करून देते. तमाशा या लोककलेचा एक ठरलेला क्रम असतो : गण, गवळण, बतावणी आणि वग. वग म्हणजे कथाभाग. त्यात राजा, प्रधान, शिपाई यांच्या गोष्टीत आजच्या राजकारणावर टोले मारले जातात. संहिता असते, पण नट तिच्याशी बांधलेला नसतो. समोरच्या गावात काल काय घडले, त्यावर आज रात्री विनोद होऊ शकतो. प्रेक्षक जवळ असतात, दाद लगेच मिळते आणि कंटाळाही लगेच कळतो.

या शाळेत निळू फुले दोन गोष्टी शिकले. पहिली म्हणजे शब्द कधी टाकायचा आणि कधी थांबायचे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. कलापथकाचे बरेचसे काम सत्ताधाऱ्याची टिंगल करण्याचे असते. टिंगल करायची तर त्याला नीट न्याहाळावे लागते. तो खुर्चीत कसा रेलतो, गरिबाशी बोलताना नजर कुठे ठेवतो, नाही म्हणायचे असताना हो कसे म्हणतो, हे सारे टिपावे लागते. पुढे पडद्यावर ज्या पाटील-पुढाऱ्यांना पाहून लोक घाबरले, त्यांचा अभ्यास या माणसाने आधी त्यांच्यावर हसण्यासाठी केला होता.

३. वगातून पडद्यावर

'कथा अकलेच्या कांद्याची' हे शंकर पाटील यांचे लोकनाट्य निळू फुले आणि राम नगरकर यांनी गाजवले. १९६८ साली अनंत माने दिग्दर्शित 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटातून निळू फुले पडद्यावर आले. त्यातला त्यांचा बेरकी झेलेअण्णा लोकांच्या लक्षात राहिला.

काळही अनुकूल होता. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. पंचायत राज्य, सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षणसंस्था यांतून ग्रामीण भागात सत्तेची नवी केंद्रे उभी राहत होती. जुन्या वाड्यातला पाटील आता कारखान्याचा अध्यक्षही होता. मराठी चित्रपटाला या नव्या सत्तेचा चेहरा हवा होता आणि तो निळू फुले यांच्या रूपाने मिळाला. पुढची पंधरा-वीस वर्षे गावचा खलनायक म्हटले की निर्मात्यांना त्यांचीच आठवण होई.

४. चार कसोट्या

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पोलादाच्या कांबीकडे नुसते पाहून तिच्याविषयी मत देत नाही. एकाच गजाचे तुकडे करून एक ओढतो, एक दाबतो, एक पिळतो, आणि मग तो माल काय सोसतो ते सांगतो. नटाचेही तसेच करू. चार भूमिका घेऊ. प्रत्येकीत त्याच्यावर पडणारा भार वेगळा आहे.

(अ) सखाराम. विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक १९७२ साली कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. सखाराम हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरात आणतो, आसरा देतो आणि त्या बदल्यात आपले नियम लादतो. लग्नसंस्थेच्या ढोंगावर तो तोंडसुख घेतो, पण स्वतः मात्र घरात हुकूमशहा असतो. नाटकावर अश्लीलतेचा आक्षेप आला, प्रयोग थांबवले गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

इथे नटापुढची अडचण अशी की सखाराम हा खलनायक नाही आणि नायकही नाही. तो शिव्या देतो, मारतो, आणि अचानक मृदंग घेऊन बसतो. प्रेक्षकाला त्याची घृणाही वाटली पाहिजे आणि त्याच्या एकटेपणाची जाणीवही झाली पाहिजे. यातली एक बाजू जरी उजळ करून दाखवली, तरी नाटक कोसळते. निळू फुले यांनी सखारामचे समर्थनही केले नाही आणि त्याच्यावर आरोपपत्रही ठेवले नाही.

(आ) हिंदुराव. जब्बार पटेल यांचा 'सामना' (१९७४) हा चित्रपट तेंडुलकरांनीच लिहिलेला आहे. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या गावात एक दारुडा, उद्ध्वस्त झालेला जुना स्वातंत्र्यसैनिक येतो, तो म्हणजे मास्तर. ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. हिंदुराव त्याला आश्रय देतो. आणि मास्तर गावात नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारू लागतो.

हिंदुराव आरडाओरडा करून दहशत बसवत नाही. तो पाहुणचार करतो, मास्तरांना आदराने वागवतो. भीती त्या आदरातूनच येते. ज्याच्या एका शब्दावर गाव हलते, त्याला आवाज चढवायची गरज काय? वगातल्या पुढाऱ्याची जी सवय लोकांना हसवत होती, तीच सवय इथे हसू काढून घेतल्यावर अंगावर येते. चित्रपटाची जान या दोन नटांच्या जुगलबंदीत आहे. एकाचे शब्द धारदार आहेत, दुसऱ्याचे मौन.

(इ) दिगू टिपणीस. पाच वर्षांनी, १९७९ साली, जब्बार पटेल यांनी 'सिंहासन' केला. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची डळमळीत करू पाहणाऱ्या अर्थमंत्र्यांच्या भूमिकेत श्रीराम लागू. सत्तेची सारी माणसे इथे आहेत. तुम्हाला वाटेल, निळू फुले यातले एखादे मंत्री असणार. पण नाही. ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत.

हा निर्णय दिग्दर्शकाचा धाडसीपणा दाखवतो. ज्या चेहऱ्याला लोक सत्तेचा चेहरा मानत होते, तोच चेहरा आता सत्तेचा साक्षीदार होता. दिगू जवळजवळ काहीच करत नाही. तो ऐकतो, पाहतो, टिपून घेतो, सिगारेट ओढतो. मंत्री त्याच्याशी बोलतात, कामगार पुढारी बोलतात, पण तो कुणाचे भवितव्य बदलू शकत नाही. नुसते ऐकणाऱ्या माणसाचा अभिनय करणे किती अवघड आहे, हे नाटकाच्या तालमीत उभे राहून पाहा. हातांचे काय करावे, हेच आधी कळत नाही. आणि शेवटी, साऱ्या राजकारणाची निष्फळता कळल्यावर, दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याला वजन येते, कारण त्याआधीचे दोन तास या माणसाने काहीच बाहेर पडू दिलेले नसते.

(ई) अप्पाजी. जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' या नाटकात निळू फुले यांनी अप्पाजी हा जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक उभा केला. सत्तेत बसलेला आपलाच मुलगा कोणत्या वाटेने चालला आहे, हे त्याला पाहावे लागते. म्हणजे पडद्यावर भ्रष्ट पुढारी रंगवणारा नट इथे त्या भ्रष्टाचाराने घायाळ झालेला बाप होता. नाट्यगृहात येणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात पडद्यावरचा खलनायक असणारच. पडदा उघडल्यावर काही मिनिटांत तो पुसून टाकायचा, हे या भूमिकेतले खरे आव्हान होते.

हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांनी आणखी एक भूमिका जोडून घ्यावी. महेश भट यांच्या 'सारांश' (१९८४) मध्ये निवृत्त मुख्याध्यापक प्रधान आणि त्यांची पत्नी आपल्याकडे राहणाऱ्या गरोदर तरुणीला आधार देतात. तिच्या प्रियकराचा बाप गजानन चित्रे हा राजकारणी त्यांच्या मागे लागतो. हा चित्रे म्हणजे निळू फुले. ग्रामीण वाडा, धोतर, फेटा यांपैकी काहीही नाही. तरी मुंबईतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात हा माणूस पाऊल टाकतो, तेव्हा त्या घरातली हवा बदलते.

५. मग बदलते काय?

चारही भूमिकांत आवाज तोच आहे. अंगकाठी तीच. रंगभूषेची करामत जवळजवळ नाही. मग आपल्याला चार वेगळी माणसे का दिसतात? माझ्या मते तीन गोष्टी बदलतात.

एक, त्या माणसाला समोरच्याकडून काय हवे आहे. सखारामला ताबा हवा आहे. हिंदुरावला ताबा आहेच, त्याला मान्यता हवी आहे, तीही मास्तरसारख्या प्रामाणिक माणसाकडून. दिगूला बातमी हवी आहे. अप्पाजींना आपला मुलगा परत हवा आहे. हवे ते बदलले की तोच आवाज वेगळा ऐकू येतो.

दोन, नजर. हिंदुराव समोरच्याला मोजतो. दिगू समोरच्याला वाचतो. दोघेही बारीक डोळ्यांनीच पाहतात, पण मोजणे आणि वाचणे यांत फरक आहे.

तीन, थांबण्याचा अर्थ. निळू फुले वाक्यांमध्ये थांबतात, हे नक्कल करणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण हिंदुराव थांबतो तेव्हा समोरच्याने घाबरावे म्हणून थांबतो. दिगू थांबतो तेव्हा बोलण्यासारखे उरलेले नसते. नकलेत थांबणे उरते, त्याचे कारण मात्र निघून जाते. म्हणून नक्कल हसवते आणि मूळ काम अस्वस्थ करते.

अष्टपैलूपणा म्हणजे स्वतःला लपवणे, असे आपण समजत होतो. निळू फुले यांचे उदाहरण सांगते की नट स्वतःला अजिबात न लपवताही दुसरा माणूस होऊ शकतो. त्यासाठी त्या माणसाची गरज मात्र नेमकी कळावी लागते.

६. शिक्क्याची किंमत

इथवर वाचून हा यशाचा सरळ रस्ता होता असे वाटेल. तसे नव्हते. खलनायकाची एक भूमिका चालली की निर्माते तीच पुन्हा मागतात. 'सामना' आणि 'सिंहासन' करणाऱ्या याच नटाने साचेबंद चित्रपटांतही काम केले. त्यांत पाटील वाईट असे, गरीब मुलगी संकटात असे आणि शेवटी नायक येई. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखरच वाईट माणूस समजत आणि समोर दिसल्यावर बोटे मोडत, हे तर महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी आजी त्यांपैकीच एक. दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला आणि निळू फुले आले की ती टीव्हीला शिव्या घाली. लहानपणी आम्हाला याचे हसू यायचे. मोठी झाल्यावर लक्षात आले की तिच्या शिव्या टीव्हीला नव्हत्या. असा माणूस तिने गावात पाहिला होता, आणि तेव्हा तिला तोंड उघडता आले नव्हते. एका नटाने त्या माणसाला इतके खरे केले की चाळीस वर्षांनी का होईना, तिला बोलता आले. आज तोच प्रसंग स्नेहसंमेलनात गमतीचा होतो, मुलींकडे पाहून त्याची वाक्ये फेकली जातात, तेव्हा मला आजी आठवते. तो नट त्या माणसाच्या बाजूने उभा नव्हता. आपण हसताना कुणाच्या बाजूने उभे असतो, याचा विचार करावा.

या शिक्क्यातून निळू फुले यांना बाहेर काढले ते रंगभूमीने आणि मोजक्या दिग्दर्शकांनी. सिनेमा एका साच्यात टाकत होता, त्याच वर्षांत नाटक त्यांच्याकडून सखाराम आणि अप्पाजी मागत होते. म्हणून त्यांची कारकीर्द समजून घेताना नाटक आणि चित्रपट वेगवेगळे काढता येत नाहीत. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही अभिनयाच्या या विस्ताराचीच दखल घेणारा होता.

७. पडद्याबाहेरचा माणूस

सेवा दलाचे संस्कार त्यांनी सोडले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनी आपले नाव आणि वेळ दिला. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला. त्यासाठी पैसा गोळा करायला नामवंत कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग केले. त्यांत श्रीराम लागू होते आणि निळू फुलेही होते. 'सामना'तले दोन प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात एकाच बाजूचे होते. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळू फुले यांचे निधन झाले.

८. पाहा आणि करा

हा पाठ वाचून संपत नाही. पुढील गोष्टी करून पाहा.

१. 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठच्या दोन दिवशी पाहा. दोन्हीतले असे प्रसंग निवडा, ज्यांत निळू फुले एकही वाक्य बोलत नाहीत. त्यांची नजर कुठे आहे, ते लिहून काढा.

२. 'सारांश'मधील चित्रेचा एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. हा माणूस काय मागतो आहे, हे नुसत्या हालचालींवरून कळते का?

३. एकच साधे वाक्य घ्या, उदाहरणार्थ "या, बसा." ते तीन माणसांच्या तोंडी घाला : ज्याला पाहुण्याची भीती वाटते, ज्याला पाहुण्याकडून पैसे हवे आहेत आणि ज्याला पाहुणा लवकर जायला हवा आहे. आवाज बदलायचा नाही, फक्त गरज बदलायची.

४. तुमच्या भाषेच्या किंवा प्रांताच्या चित्रपटातला असा एक चरित्र अभिनेता निवडा, ज्याचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे आणि नाव थोड्यांनाच. त्याच्या तीन भूमिका वरील तीन मुद्द्यांच्या आधारे तपासा.

त्या नक्कल करणाऱ्या मुलाला मी 'सिंहासन' पाहायला सांगितले होते. आठवड्याने तो भेटला आणि म्हणाला, "मॅडम, यात ते तसं काही बोलतच नाहीत." मी म्हटले, "बरोबर. आता त्याची नक्कल करून दाखव." बराच वेळ तो नुसताच उभा राहिला. मग हसला आणि म्हणाला, "जमत नाही."